प्रोग्राम उघडत नाही? आधी फ्यूज बघा, मग मोटार काढा

जुलैचा शेवटचा आठवडा. बाहेर धो धो पाऊस. पीकविम्याची मुदत अंगावर आलेली. सेवा केंद्राच्या वळचणीला दहा-बारा माणसे छत्र्या मिटून उभी आहेत. आतला मुलगा संगणकावरच्या चित्रावर दोनदा टिचकी मारतो. गोल चक्र क्षणभर फिरते, थांबते आणि पुढे काहीच होत नाही. तो पुन्हा टिचकी मारतो. पुन्हा तेच. शेवटी मान वर करून म्हणतो, "काका, आज मशीन उघडत नाय. उद्या या."

शेतकरी बंधू-भगिनींनो, हे "उद्या या" तुम्ही किती वेळा ऐकले असेल? आणि ग्रामपंचायतीत, तलाठी कार्यालयात बसणाऱ्या भाऊसाहेबांनो, तुम्हाला ते किती वेळा नाइलाजाने म्हणावे लागले असेल? बोलणाऱ्याचा दोष नसतो, ऐकणाऱ्याचाही नसतो. पण एक दिवसाची मजुरी बुडते, रिक्षाचे भाडे जाते आणि मुदत टळली तर हंगामच हातचा जातो. म्हणून आज या पानावर खत-बियाण्याची गोष्ट बाजूला ठेवून त्या न उघडणाऱ्या खिडकीची गोष्ट करू. घाबरू नका. यातले निम्मे काम मोटारीचा स्टार्टर दाबता येणाऱ्या कोणालाही जमण्यासारखे आहे.

आचोळ्यात कागदाला किंमत का?

आमचे आचोळे म्हणजे वसई तालुक्यातले, नालासोपारा पूर्वेचे. ज्यांनी जुने दिवस पाहिले त्यांना भाताची खाचरे आठवतात. आता जिकडे बघावे तिकडे इमारती. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. पण सातबाऱ्यावर आजही 'मौजे आचोळे, तालुका वसई' असेच येते. जुन्या कागदावर जिल्हा ठाणे असतो, नव्यावर पालघर. कित्येक जण संकेतस्थळावर ठाणे जिल्हा निवडून बसतात, गाव सापडत नाही आणि बोल संगणकाला लावतात! तेव्हा विभाग कोकण, जिल्हा पालघर, तालुका वसई, मग गाव, हा क्रम आधी ध्यानात ठेवा.

या भागात कागद बघून घेणे किती गरजेचे आहे हे वेगळे सांगायला नको. याच परिसरातल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडण्यात आल्या. जमीन होती सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव. रस्त्यावर आली ती घरे घेणारी साधी कुटुंबे. जमीन कोणाच्या नावावर आहे हे सातबारा सांगतो, तिच्यावर आरक्षण आहे का हे विकास आराखडा सांगतो. दोन्ही बघावे लागतात. आणि आज दोन्हींकडे जाणारी वाट बऱ्याच अंशी संगणकाच्या पडद्यावरून जाते. वाटेचे दार अडले म्हणून न बघताच सही केली, असे कोणाचे होऊ नये.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. २४ एप्रिल २०२० पासून ग्रामपंचायतींचा हिशेब ई-ग्रामस्वराजवर चालतो. म्हणजे दप्तर कपाटातून पडद्यावर गेले. कपाटाची किल्ली हरवली तर लोहार होता. पडद्याची खिडकी अडली तर कोण?

एक ऐकलेली नव्हे, बघितलेली गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही, पण आपल्याच भागातले. पंचायतीत घरपट्टीच्या नोंदींचा एक प्रोग्राम होता. एका सकाळी तो उघडेना. टिचकी मारली की झळकल्यासारखे व्हायचे आणि गुडुप. परिचालकाने तालुक्याहून माणूस बोलावला. त्याने दोन मिनिटे पाहिले आणि निर्णय दिला, "फॉरमॅट मारावा लागेल." मारला. नवीन विंडोज टाकली, प्रोग्राम पुन्हा टाकला, उघडला. पैसे घेतले, गेला. नोंदींची प्रत कुठे ठेवली आहे हे कोणी विचारले नाही, कारण प्रत नव्हतीच. दोन वर्षांची वसुली पुसली गेली.

पुढे काय झाले ते ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्राम पुन्हा उघडेना! तेव्हा कुठे एका शाळामास्तरांचे लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे गेले. तारीख कित्येक वर्षे मागची. आतला गोल सेल संपला होता, रात्री बटण बंद केले की घड्याळ मागे जायचे. शेवटच्या नोंदीपेक्षा आजची तारीख मागची दिसली की तो प्रोग्राम गुपचूप बंद व्हायचा. किरकोळ किमतीचा सेल! आणि त्यापायी घरोघर पावत्या गोळा करत फिरायची वेळ आली. एका आजीबाईंनी पत्र्याच्या डब्यातून घड्या घातलेल्या सगळ्या पावत्या काढून दिल्या. पण ज्यांच्याकडे पावती नव्हती त्यांना भरलेल्या पट्टीची मागणी पुन्हा आली. भांडणे झाली, मने तुटली.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

मोटारीचा धडा

विहिरीवरची मोटार सुरू झाली नाही तर तुम्ही काय करता? लगेच मोटार उचलून वाइंडिंगला नेता का? नाही. आधी बघता वीज आहे का. मग फ्यूज. मग तिन्ही फेज आहेत का. मग स्टार्टर. मग फूटव्हॉल्व्ह गळतो का, पाणी भरून घ्यायचे राहिले का. सगळ्यात शेवटी मोटार. स्वस्त ते आधी, महाग ते शेवटी. झटपट ते आधी, वेळखाऊ ते मागाहून. ज्याने नुकसान होणार नाही ते आधी, ज्यातून परत फिरता येत नाही ते सर्वांत शेवटी.

संगणकालाही हाच क्रम. फॉरमॅट म्हणजे मोटार काढणे. त्याच्या आधी निदान आठ गोष्टी तपासायच्या असतात. एकेक घेऊ. आणि हो, एका वेळी एकच बदल करा, मग प्रोग्राम उघडून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने जमले ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

१. तो आधीच चालू नाही ना?

सगळ्यात जास्त वेळा आढळणारे कारण हेच. सकाळी प्रोग्राम उघडला, तो अडकला, खिडकी मिटली. पण आत तो चालूच राहिला. पुष्कळसे प्रोग्राम एका वेळी एकच प्रत चालू देतात. दुसऱ्यांदा टिचकी मारली की नवीन प्रत बघते, 'भाऊ आत बसलाय', आणि मुकाट्याने निघून जाते. आपल्याला वाटते उघडतच नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. यादीत आपल्या प्रोग्रामचे नाव दिसते का बघा. दिसले तर त्यावर टिचकी मारून 'एंड टास्क' करा आणि मग पुन्हा उघडा. एकच काळजी: त्यात न साठवलेली नोंद असेल तर ती जाईल. म्हणून आधी दोन-तीन मिनिटे वाट बघा. जुन्या यंत्राला खिडकी उघडायला वेळ लागतो. दहा वेळा टिचकी मारली तर दहा कामे त्याच्या डोक्यावर बसतात. बैल चढावर असताना चाबूक मारून गाडी लवकर चढत नाही.

हे करूनही जमले नाही तर संगणक एकदा रीतसर 'रीस्टार्ट' करा. विंडोज १० आणि ११ मध्ये 'शट डाऊन' केल्यावर यंत्र बहुधा पूर्ण नव्याने सुरू होत नाही, जुन्या स्थितीचा काही भाग जपून ठेवते. 'रीस्टार्ट'मध्ये मात्र सगळे नव्याने होते. म्हणून बंद करून चालू करण्यापेक्षा 'रीस्टार्ट' बरा.

२. कोपऱ्यातली तारीख

वरची गोष्ट वाचलीत ना? मग उजव्या कोपऱ्यातली तारीख-वेळ रोज सकाळी नजरेखालून घाला. सरकारी संकेतस्थळे असोत, बँक असो की डिजिटल सही, प्रत्येकाच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. यंत्राची तारीख चुकली की खरे प्रमाणपत्रही त्याला खोटे वाटते. तारीख नीट करा. रोज सकाळी ती मागे जात असेल तर आतला सेल बदला. टेबलावरच्या संगणकात तो बहुधा 'सीआर २०३२' या नंबरचा असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो. बदलताना वीज पूर्ण काढा आणि माहीतगार माणूस जवळ असू द्या.

३. कोठार भरले आहे का?

कणगी तोंडापर्यंत भरली की नवीन धान्य कुठे ओतणार? प्रोग्राम उघडताना त्याला तात्पुरत्या कामासाठी थोडी मोकळी जागा लागते. 'सी ड्राइव्ह' भरला असेल तर तो उघडताच मिटतो. 'धिस पीसी' उघडून बघा. पट्टी लाल झाली असेल तर कारण सापडले. डाऊनलोडमध्ये पडलेली शेकडो अर्जांची कागदपत्रे, छायाचित्रे, रिसायकल बिनमधला कचरा, हे आवरा. पण सांभाळून! कचरा काढताना कोणाच्या अर्जाची मूळ फाइल जाऊ देऊ नका. आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवा, उघडून खात्री करा, मग पुसा. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या: लोकांचे आधार, बँक पासबुक यांच्या प्रती महिनोन्महिने डाऊनलोडमध्ये पडून राहणे हा नुसता कचरा नाही, तो धोका आहे.

४. तो काय सांगतो ते वाचा

इंग्रजीत दोन ओळींची चौकट आली की आपण घाईघाईने 'ओके' दाबतो. वैद्याने विचारावे काय होते आणि रोग्याचे तोंड आपणच दाबावे, तसे हे झाले. त्या चौकटीचा मोबाइलवर फोटो काढा. जाणकाराला पाठवायला तेवढाच पुरतो.

त्यातले नेहमीचे काही निरोप असे. 'डीएलएल सापडत नाही' म्हणजे प्रोग्रामला लागणारा एखादा सामाईक भाग यंत्रात नाही. अनेक प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या 'व्हिज्युअल सी प्लस प्लस' किंवा 'डॉट नेट' या पायावर उभे असतात. पाया नसेल तर घर उभे राहत नाही. हे भाग मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतात, तिथूनच घ्या. नुसती 'डीएलएल' देणाऱ्या भलत्या जागांवरून काही उतरवू नका. औषधाच्या बाटलीत विष मिळायचे. 'धिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी' असे आले तर बहुधा ६४ बिटचा प्रोग्राम ३२ बिटच्या यंत्रावर चालवला जात आहे किंवा फाइल अर्धवट उतरली आहे. पावसाळ्यात नेट तुटते तेव्हा अशा अर्धवट फाइली फार होतात. पुन्हा उतरवून बघा.

चौकट आलीच नाही तर? मग यंत्राने लिहून ठेवलेले वाचायचे. कंट्रोल पॅनेलमध्ये 'रिलायबिलिटी हिस्ट्री' शोधा. त्यात दिवसवार तक्ता असतो, ज्या दिवशी प्रोग्राम पडला तिथे लाल फुली. फुलीवर टिचकी मारली की कोणत्या प्रोग्रामने कोणत्या वेळी मान टाकली ते कळते. बिघाड ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी काय नवे बसवले, तेही तिथेच दिसते. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

५. राखणदाराने अडवले का?

अँटीव्हायरस म्हणजे शेताचा राखणदार. कधी कधी तो चोर समजून घरच्याच माणसाला धरून ठेवतो. प्रोग्रामची मुख्य फाइल त्याने 'क्वारंटाइन'मध्ये टाकली की चित्र जागेवर राहते, पण मागे काही नसते. अँटीव्हायरसची यादी उघडून बघा. प्रोग्राम सरकारी किंवा कंपनीच्या अधिकृत जागेवरून घेतला असेल, तरच तो परत आणा. पेन ड्राइव्हवरून कोणी दिलेला असेल तर राखणदारावर विश्वास ठेवा. आणि अँटीव्हायरस कायमचा बंद करून काम चालवू नका.

६. उघडली आहे, पण दिसत नाही

हा तर गमतीचा प्रकार. ग्रामसभेसाठी संगणकाला प्रोजेक्टर जोडला. सभा संपली, वायर काढली. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडतो, खाली पट्टीवर त्याचे चित्रही येते, पण खिडकी नाही! कारण खिडकी अजून त्या नसलेल्या दुसऱ्या पडद्यावरच उघडते आहे. खालच्या पट्टीवरील चित्रावर एकदा टिचकी मारा. मग विंडोजचे बटण आणि शिफ्ट दाबून धरून डावा किंवा उजवा बाण दाबा. खिडकी अलगद समोर येईल. नाही आली तर विंडोजचे बटण आणि 'पी' दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडा.

खिडकी येते पण पूर्ण काळी किंवा पांढरी राहते, असे असेल तर पडदा रंगवणाऱ्या भागाचा, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हरचा संशय घ्यावा. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या जागेवरून तो नवा करून घ्या.

७. सहीची किल्ली

ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांसाठी हा भाग महत्त्वाचा. ई-ग्रामस्वराजवरून पैसे द्यायचे तर दोन डिजिटल सह्या लागतात, एक पंचायतीच्या सचिवाची, एक सरपंचांची. सहीची किल्ली यूएसबीत लावली म्हणजे झाले असे नाही. किल्लीचा स्वतःचा ड्रायव्हर हवा आणि ब्राउझर व किल्ली यांच्यात दुवा साधणारा एक छोटा प्रोग्राम मागे चालू हवा. तो दुवा सुरू झाला नसेल तर पिन विचारणारी चौकटच येत नाही आणि बिल अडते. तेव्हा पहिल्यांदा किल्लीचा स्वतःचा प्रोग्राम उघडून बघा. त्यात प्रमाणपत्र दिसते का, त्याची मुदत संपली तर नाही? मग दुवा साधणारा प्रोग्राम बंद करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. मग ब्राउझर नव्याने उघडा. यूएसबीची दुसरी खाचही बघा, गंजलेली खाच पावसाळ्यात फार सतावते.

जुन्या पद्धतीची चिकटपणे आठवण ठेवणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. पूर्वी ही सही ब्राउझरच्या आत चालणाऱ्या जावाच्या तुकड्याने होत असे. क्रोमने २०१५ साली त्या पद्धतीचा आधार काढून घेतला, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. म्हणून "परवापर्यंत चालत होते" हे खरे असले तरी उपयोगाचे नाही. रस्ता बदलला की जुन्या फाट्यावर उभे राहून एसटी येत नाही. एखादे जुने काम अजूनही त्याच पद्धतीवर असेल तर एज ब्राउझरमध्ये 'आयई मोड' आहे, तो वापरून बघा.

तीच गोष्ट विंडोजची. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून त्यावर बसत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रावर नवा प्रोग्राम न उघडणे हा बिघाड नव्हे, वयाचा परिणाम आहे. अशा ठिकाणी तासन् तास दुरुस्ती करण्यापेक्षा वरिष्ठांना लेखी मागणी करणे शहाणपणाचे.

आणि एक हात जोडून विनंती. किल्ली आणि पिन दुसऱ्याच्या हाती देऊ नका. "मी दुरून तुमचा संगणक नीट करतो, हे ॲप टाका" असा अनोळखी फोन आला तर तो ठेवून द्या. दुरुस्तीच्या नावाखाली खाते रिकामे करणारे फिरत आहेत.

८. खाते बदलून बघा, वीज आठवून बघा

प्रोग्राम आपल्या आवडी-निवडी एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. लिहीत असतानाच वीज गेली तर ती फाइल अर्धी राहते, आणि पुढच्या वेळी ती वाचताना प्रोग्राम अडखळून पडतो. ओळखायचे कसे? संगणकावर एक नवीन वापरकर्ता खाते काढा आणि त्यातून प्रोग्राम उघडा. तिथे उघडला तर प्रोग्राम धड आहे, बिघाड जुन्या खात्यातल्या फाइलीत आहे. मग त्या सेटिंगच्या फोल्डरचे नाव बदलून ठेवा. पुसू नका, नाव बदला. प्रोग्राम नवीन फोल्डर करून घेईल.

नव्या खात्यातही उघडला नाही तर विंडोजच्याच फाइली बिघडल्याची शक्यता. कमांड प्रॉम्प्ट 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडून 'एसएफसी', मग मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि 'स्कॅननाऊ' असे इंग्रजी अक्षरांत टंका. यंत्र स्वतःच्या फाइली तपासून जमेल तेवढ्या दुरुस्त करते. अर्धा तास लागला तरी मध्येच बंद करू नका. त्यानंतर आपला प्रोग्राम काढून पुन्हा बसवणे. पण त्याच्या नोंदी कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते आधी बघून, प्रत काढून, मगच.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी खेळ करते ते सांगायला नको. यूपीएस असतो, पण त्याची बॅटरी कधीची मेलेली असते आणि तो नुसता शोभेला उभा. महिन्यातून एकदा काम साठवून, यूपीएसची मुख्य वीज काढून बघा. पाच मिनिटे यंत्र तगले नाही तर बॅटरी बदला.

लिनक्स असेल तर

काही शाळांत आणि कार्यालयांत लिनक्स असते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' नावाची लिनक्स तयार केली आहे. तिथे चित्रावर टिचकी मारून काही होत नसेल तर टर्मिनल उघडा आणि प्रोग्रामचे नाव टंकून एंटर दाबा. चित्रामागे लपलेली तक्रार इथे अक्षरांत दिसते. 'डिस्प्ले उघडता येत नाही' असे आले तर बहुधा तुम्ही एका खात्याने आत शिरून दुसऱ्या खात्याच्या नावाने खिडकी मागत आहात. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पासवर्डच्याच पडद्यावर येत असाल तर डिस्क भरली आहे का ते बघा, किंवा घरच्या फोल्डरातली 'एक्स-ऑथॉरिटी' ही फाइल मुख्य प्रशासकाच्या मालकीची झाली आहे का ते जाणकाराकडून तपासून घ्या.

वारणेने शिकवलेले

ही अडचण आजची नाही. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा परिसरात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने सुमारे सत्तर गावांसाठी संगणक केंद्रे उभी राहिली. देशभर गाजावाजा झाला. पण अनुभव असा आला की केंद्रावर शेतकरी मुख्यतः विचारायला येई ते आपला ऊस किती टन गेला, खत किती मिळेल. आणि एवढ्यासाठी वीज, दुरुस्ती, परिचालक हा सगळा पसारा सांभाळावा लागे. पुढे २००७ च्या सुमारास बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील अभ्यासकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून बघितला. तीच माहिती कमी खर्चात मिळू लागली.

धडा काय? यंत्र वाईट नाही. पण एकाच यंत्रावर सगळ्या गावाचा भार टाकू नये. एक दार अडले तर दुसरे उघडे हवे. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरच्या मोबाइलवरूनही निघतो. केंद्राची खिडकी उघडली नाही तर जाणत्या मुलाला-मुलीला विचारा, शेजारच्या केंद्रात जा; मुदतीची वाट बघत बसू नका.

भाऊसाहेबांनो, एवढे करा

एक वही ठेवा. तारीख, काय उघडले नाही, काय निरोप आला, कशाने सुटले, चार रकाने पुरेत. सहा महिन्यांनी त्या वहीइतका चांगला मेकॅनिक तालुक्यात मिळणार नाही. दर शुक्रवारी नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क संगणकाच्या शेजारी नव्हे, वेगळ्या कपाटात ठेवा. प्रत काढली म्हणजे झाले नाही. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. आणि कोणी 'फॉरमॅट' हा शब्द उच्चारला की दोन प्रश्न विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू देऊ नका: "प्रत कुठे आहे?" आणि "आधी काय काय तपासले?"

आणि शेतकरी बंधूंनो, तुम्हीही एक लक्षात ठेवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा आहे. अधिसूचित सेवेचा अर्ज दिला की पोच मिळण्याचा आणि ठरल्या मुदतीत सेवा मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे; नाही मिळाली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. यंत्र बंद असले तरी कागदावर अर्ज देऊन पोच मागा. शांतपणे मागा, भांडून नको. समोरचा माणूसही त्या बंद खिडकीपुढे तुमच्यासारखाच अडकलेला असतो.

त्या आजीबाईंचा पावत्यांचा पत्र्याचा डबा आठवतो ना? संगणक आला म्हणून डबा टाकू नका. आणि डबा आहे म्हणून संगणकाला घाबरूही नका. उद्या सकाळी कार्यालय उघडले की सर्वांत आधी कोपऱ्यातली तारीख बघा. तिथून सुरुवात होऊ द्या.